अण्णांची ट्रंक

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. दोनदा अगदी ओठांवर आलं होतं. पण बाबा, दोन्ही वेळेला तुम्ही "ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकल्यास ना?" असं विचारलंत आणि मी विषय बदलला. गोळ्या टाकायला आता ट्रंकेत काही नाही. माझ्या मास्तर आजोबांचे, अण्णांचे कागद मी सोमवारी इथल्या एका अभिलेखागाराला देऊन आले. सही करून, रीतसर, कायमचे.

रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा. खरं तर आई, तूच वाचून दाखव. बाबांच्या डोळ्यांना ताण नको.

विचारायला हवं होतं, कळतंय मला. दिवाळीत मी ट्रंक नेली ती "उन्हं देऊन आणते" असं सांगून, आणि तेव्हा मनात खरंच तेवढंच होतं. म्हणजे तेवढंच नव्हतं. गणपतीत तुम्ही स्टुलावर चढून ती माळ्यावरून ओढायला गेलात, घोटा सुजवून घेतलात आणि आईला "पाय मुरगळला" एवढंच सांगितलंत. एक्क्याऐंशीव्या वर्षी! ती ट्रंक माळ्यावर असेपर्यंत तुम्ही चढणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

इथे आणून उघडली तर मास्तरांच्या ट्रेनिंगचं फर्स्ट इयरचं सर्टिफिकेट घडीवर चार तुकडे झालेलं. पाठांच्या टाचणवह्यांना कसर लागलेली. एक पान उलटलं तर कोपरा माझ्या बोटांतच राहिला. त्या कोपऱ्यावर अण्णांच्या हातचा 'उ' होता, शेपटी लांब ओढलेला, तुम्ही काढता तसाच. मला रडूच आलं. मी काय करणार होते त्या कागदांचं? प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवणार? अभिलेखागारात थंड खोली आहे, कागद सांधणारी माणसं आहेत.

देण्याआधी महिनाभर रात्री बसून ओळ न ओळ वाचली. सोबत त्या काळाबद्दल जे मिळेल तेही वाचत गेले. बाबा, आपल्या घरात सगळं काळाचं गणित अण्णांच्या ट्रेनिंगवर चालायचं ना? थोरली आत्या फर्स्ट इयरच्या वेळी जन्मलेली, दादाकाका सेकंड इयरच्या. ती फक्त घरातली बोलण्याची पद्धत आहे, असं मी समजत होते. अण्णांनी हा अभ्यास एकदम का नाही उरकला, हे कधी विचारलंच नाही. फर्स्ट, सेकंड, थर्ड इयर असं तीन खेपांना: १९२१, १९२५ आणि १९३१. मध्ये दर खेपेला परत शाळेवर. शिष्यवृत्तीच्या कागदामागे पेन्सिलीनं मांडलेला हिशोब आहे: खानावळ, रॉकेल, धोतरजोडी, आणि खाली "घरी काय पाठवू" असं लिहून पुढे रेघ. आकडा नाहीच.

मास्तराला शिकवून, परीक्षा घेऊन, सनद देऊन मगच पक्कं करावं, ही कल्पना सरकारी कागदांत केव्हापासून होती. शिक्षणाच्या धोरणाबद्दलच्या १८५४ च्या वुडच्या खलित्यात इंग्लंडच्या धर्तीवर ट्रेनिंगच्या शाळा काढा, शिकणाऱ्याला विद्यावेतन द्या, असं लिहिलेलं आहे. व्हाइसरॉय कर्झनच्या १९०४ च्या ठरावात प्राथमिकच्या मास्तराला दोन वर्षांचं ट्रेनिंग हवं, असं आलं. कागदावर दोन वर्षं; आपल्या अण्णांना पुरं व्हायला दहा लागली. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी शाळेची शेवटची परीक्षा, पास होऊन ते मास्तर झाले खरे, पण 'अनट्रेन्ड' हा शब्द पगाराला आणि बढतीला चिकटून राहायचा. तुम्ही सांगायचात, की शाळाखात्याचे डिपोटी साहेब तपासणीला येणार असले की अण्णा आदल्या रात्री जेवत नसत. मी हसायचे. आता हसू येत नाही.

आणि बाबा, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितेय. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात ते म्हणतात की प्राथमिकचे मास्तर बहुतेक ब्राह्मण आहेत, ट्रेनिंग झालेले थोडे, आणि पगार क्वचितच १० रुपयांच्या वर जातो. शिक्षक होईल तितके शेतकरी वर्गातून तयार करावेत, वेळ पडली तर नांगराचा रुमणा धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे. पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावात १५ ते २० असावा. हे वाचलं आणि मला मळ्यातले अण्णा दिसले. दिवाळीच्या सुट्टीत टोपी खुंटीला लावून औत धरणारे. त्या निवेदनानंतर चाळीस वर्षांनी आपल्या घरातून तसा मास्तर निघाला! हे आपल्या माळ्यावर बंद राहावं असं मला वाटेना. कुणीतरी पोर उद्या यावर अभ्यास करेल, तिला सरकारी अहवाल ढीगभर मिळतील, पण त्या नियमांखाली जगलेल्या मास्तराची टाचणवही कुठून मिळणार?

आई, तुझ्यासाठीही एक आहे. त्याच हंटर आयोगानं मास्तरांच्या बायकांना सवलती देऊन शिक्षिका करा, विधवांनाही तयार करा, असं सुचवलं होतं. पुण्यात तर १८७० पासून बायकांचं ट्रेनिंग कॉलेज होतं. आजी थर्ड इयरच्या वहीत अण्णांच्या शेजारी स्वतःचं नाव गिरवत होती, एक अख्खं पान भरून. तिला कुणी धाडलं नाही. तू लग्नानंतर ट्रेनिंगला निघालीस तेव्हा तिनं हातातल्या पाटल्या का काढून दिल्या, ते मला आत्ता कळलं. ते पान मी तुझ्यासाठी वेगळं छापून घेतलंय.

सगळ्याच कागदांच्या रंगीत प्रती घेतल्यात, अगदी मूळ आकाराच्या. तिन्ही सर्टिफिकेटांना फ्रेम होतेय, ती बाबांच्या पलंगासमोर लागेल. वह्यांच्या प्रती मोठ्या अक्षरात बांधून आणते, म्हणजे भिंग लागणार नाही. दुपारी वाचायला तो मानेवरचा दिवा मी पाठवलाय, तो खोक्यातच असेल अजून. काढा. रात्रीच्या बाईंना कमी करू नका, पैशांचा विचार माझ्यावर सोडा. आणि आई, न्हाणीघरातल्या दांडीवर टॉवेल वाळत घालू नकोस, ती धरायला आहे.

मला सारखी तुमची सायकल आठवते बाबा. पुढच्या दांड्यावर मी, मागे वह्यांचा गठ्ठा, आणि चढ आला की तुम्ही "धर ग मनूताई, पाढा म्हण" म्हणायचात. मी चौदाच्या पाढ्याला अडायचे आणि तुम्ही दम लागलेला असूनही पुरा करून द्यायचात. ट्रंक हातातून जाताना मला तो चढ आठवला. तुमचं काहीतरी मी न विचारता उतरवून टाकलं, असं वाटत राहिलं.

आता ऐका. स्टूल मी शेजारच्या काकूंना देऊन टाकायला सांगितलंय. माळ्यावर काही उरलेलं नाही, चढायचं नाही. बीपीची गोळी सकाळी चहाआधी, चहानंतर नाही. घोट्याचा एक्स-रे बुधवारी काढायचाच, रिक्षा सांगून ठेवली आहे.

एक कागद मी दिला नाही. ट्रेनिंगला जाताना लिहून द्यावा लागलेला करारनामा: शिकून झाल्यावर खात्याचीच नोकरी करीन, नाहीतर शिष्यवृत्तीचे पैसे भरीन. खाली अण्णांची वळणदार सही, आणि शेजारी जामीन म्हणून तुमच्या आबांचा अंगठा. शाई जरा पसरलीय, पण रेषा न रेषा दिसते. घेणाऱ्या बाई म्हणाल्या, हाच सगळ्यांत मोलाचा. मी म्हटलं, हा माझा नाही, वडिलांना विचारावं लागेल.

शनिवारी सकाळच्या गाडीनं तो घेऊन येते. द्यायचा की ठेवायचा, तुम्ही सांगाल तसं. तुम्ही नको म्हणालात तर मी पुन्हा विषयही काढणार नाही.

तुमची,
मनू

ता. क. आई, शनिवारी फक्त मेथीची भाजी कर. बाकी काही करत बसू नकोस.