इंजिनाच्या पॅकिंगला सोल्युशन: किती आणि कुठे?

महोदय,

ट्रॅक्टरचे इंजिन खोलून पुन्हा बांधताना ‘सगळ्या पॅकिंगना सोल्युशन भरपूर लावा, तेल गळता कामा नये’ असे बजावणारे शेतकरी मी डिझेल मेकॅनिक म्हणून तीस वर्षे पाहत आलो आहे. (पॅकिंग किंवा गॅस्केट म्हणजे दोन भागांमधला सांधा बंद ठेवणारी चकती; सोल्युशन म्हणजे सांध्यावर लावायचा, वाळून रबरासारखा होणारा सिलिकॉनचा लेप.) त्यांची काळजी खरी आहे. पण त्या ‘भरपूर’पायीच चांगली बांधलेली इंजिने वाया जातात, म्हणून हे पत्र.

बोल्ट आवळले की सोल्युशनचा जास्तीचा थर जसा बाहेर येतो, तसाच तो आतही शिरतो. बाहेरचा बोटाने पुसता येतो, आतला कोणालाच दिसत नाही. सिलिकॉनचा तो रबरासारखा धागा कधीतरी तुटून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, पडतो, तेलपंपाच्या जाळीवर बसतो आणि क्रँकच्या बेअरिंगांना तेल मिळेनासे होते. गेल्या वर्षी ऐन नांगरटीत बंद पडलेला एक ट्रॅक्टर माझ्याकडे आला; फुल इंजिनाचे काम दुसरीकडे होऊन महिनाही झाला नव्हता. चेंबर उतरवला, तर निम्मी जाळी लाल सिलिकॉनच्या तुकड्यांनी बुजलेली आणि मेन बेअरिंगचे तांबे उघडे पडलेले.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण (हेड) आणि ब्लॉक यांमधले पॅकिंग, तर कंपनीच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर, कोरडेच बसवावे. पोलादी पदरांच्या गॅस्केटवर आवश्यक तो लेप कारखान्यातच दिलेला असतो. मात्र त्याने आपले काम करायचे तर हेड सपाट हवे आणि बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळायला हवेत. हेड वाकले असेल तर फेसिंग करून, म्हणजे यंत्रावर घासून ते सपाट करून, घ्यावे लागते, त्यावर सोल्युशन हा उपाय नाही.

सोल्युशन निरुपयोगी आहे, असे मात्र मुळीच नाही. जुन्या बुलेटच्या क्रँककेसच्या दोन भागांमध्ये पॅकिंगच नसते, तिथे ते लागतेच. टायमिंग कव्हर आणि हेड जिथे मिळतात, त्या कोपऱ्यांवरही पुष्कळ इंजिनांत त्याचा ठिपका द्यायला सांगितलेले असते. फक्त दोन्ही पृष्ठभाग तेलाचा अंशही न ठेवता पुसलेले हवेत आणि सिलिकॉन पुरते वाळेपर्यंत, म्हणजे साधारण 24 तास, इंजिनात तेल भरू नये. ‘संध्याकाळी ट्रॅक्टर न्यायचाच आहे’ हा हट्ट इथे महागात पडतो.

म्हणून शेतकरी बांधवांना विनंती की, सोल्युशन लावले का हे विचारण्याऐवजी हेडवर सरळपट्टी ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासले का आणि बोल्ट किती टॉर्कला आवळले, हे मेकॅनिकला विचारावे.

आपला,
एक डिझेल मेकॅनिक, सांगली जिल्हा