सोप्यातला झोपाळा

शिवाजी पेठ, कोल्हापूर
आषाढ, बुधवार

ती. आबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर रोज बोलतोच, तरी हे लिहून पाठवतेय. फोनवर आबा नुसतं "हं, हं" करतात आणि आई लगेच फोन वहिनीकडे देते. दादाला बजावून ठेवलंय, वाचून दाखवायचं नाही. दोघांनी आपापला चष्मा लावून वाचा.

गल्लीतून तुमच्या कानावर निम्मं गेलंय, ते कळलं मला. "तुमच्या घरात पाळणाघर चालू झालंय म्हणे." झालंय. जूनच्या पहिल्या सोमवारपासून. पतसंस्थेचा राजीनामा मे अखेरीला दिला. दादाला माहीत होतं, त्याच्यावर रागावू नका, मीच त्याला शपथ घातली होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आलंय, आबांचं बीपी वर-खाली होतंय, अशात कशाला डोक्याला ताप, असं मी स्वतःला सांगत राहिले. ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. तुम्ही "नको" म्हणाला असता, आणि तुम्ही नको म्हटलेलं मला अजून करता येत नाही. चाळिशी उलटली तरी.

आबा, तुमचा पहिला प्रश्न मला इथं बसून ऐकू येतोय. बी.कॉम. झालेल्या पोरीनं लोकांची पोरं सांभाळायची? चौदा वर्षं लोकांच्या ठेवी सांभाळल्याच की. त्यात शेवटची दोन वर्षं कशी गेली ते तुम्हाला माहीत आहे, परत उगाळत नाही. हिशेब मात्र मांडते, कारण तुम्ही तो मागणारच. सात पोरं आहेत. दिवसभराची पाच, महिना 3,500 रुपये. बालवाडी सुटल्यावर येणारी दोन, त्यांचे 2,000. झाले 21,500. मदतीच्या मावशींना 6,500 देते, दूध, खाणं, गॅस, साबण-फिनेल यांत अडीच हजार जातात. उरतात साडेबारा. पतसंस्थेत हातात सोळा यायचे. म्हणजे साडेतीन हजारांचा खड्डा आहे, लपवत नाही. पण गाडीचं पेट्रोल वाचलं, डोकं दुखायचं थांबलं, आणि जावयांच्या वर्कशॉपला सध्या बऱ्यापैकी काम आहे. राजारामपुरीहून सकाळी साडेआठला मी येते, संध्याकाळी सातला कुलूप लावून जाते. घर रोज उघडतंय, रोज झाडलं जातंय. तुम्ही पुण्याला गेल्यापासून बंद घराला जो वास यायला लागला होता, तो गेला.

आता तुमची सोय. पोरं फक्त पुढच्या सोप्यात आणि चौकात. माजघराला मध्ये कमरेएवढं लाकडी फाटक बसवलंय, कडी तुमच्या बाजूनं. तुमची खोली होती तशीच आहे. देवघराला कुणाचा हात लागलेला नाही. कपाटाची किल्ली पूर्वीच्याच डब्यात. न्हाणीशेजारी उंच कमोड बसवून घेतलाय, भिंतीला धरायला दांडा लावलाय, खाली खरबरीत फरशी. आईला रात्री उठायचं झालं तर दिवा आपोआप लागतो. पोरं एक ते तीन झोपतात, तेव्हा तिच्या दुपारच्या झोपेला धक्का नाही. उलट त्या वेळात घरात जी शांतता असते ना, तशी दादाच्या फ्लॅटमध्ये मिळत नसेल. आबांचं दूध गंगावेशीतूनच येणार, म्हशीचं. पिशवीचं आणलंय का म्हणून विचारू नका. रविवारी सुट्टी. बाकीच्या दिवशी गलका असतो, तो असणारच.

फ्रीजच्या वरच्या कप्प्यात झाकणाच्या छोट्या वाट्या असतात, वर पट्टी चिकटवून वेळ लिहिलेली. त्यांना आबांनी चहासाठी हात लावायचा नाही. ते एका सात महिन्यांच्या बाळाच्या आईचं दूध आहे, ती पिळून ठेवून जाते. 26 आठवड्यांची रजा संपली आणि तिसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी होती, पोटाशी पोर आणि खांद्याला ऑफिसची पर्स. 2017 च्या कायद्यानं पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर द्यायला सांगितलंय. तिच्या ऑफिसात माणसं अकरा. दुसरी गुजरीत दागिन्यांच्या दुकानात उभी असते, तिसरी उद्यमनगरात एका कारखान्यात बिलं करते. यांच्यासाठी कोण पाळणा टांगणार?

एकीची आई शिरोली एमआयडीसीत जाते, ती मात्र मला या पावसात घोर लावते. 2019 ला पंचगंगेच्या पुरात हायवे कसा बंद पडला होता ते आपण बघितलंय. पोर नदीच्या अलीकडे आणि आई पलीकडे, असं झालं तर? म्हणून राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट, म्हणजे इशाऱ्याला लागलं की मी तिला फोन करणार, लवकर निघ म्हणून, आणि धोक्याच्या 43 ची वाट बघायचीच नाही. प्रत्येकाकडून लिहून घेतलंय, आईबाप नाही पोचले तर पोर कुणाच्या हातात द्यायचं. त्या यादीत नाव नसलेला सख्खा मामा आला तरी देत नाही. एक मामा चिडून गेलाय तसा.

आणि आबा, एक पोरगा फुटबॉलमधल्या तुमच्या विरोधातल्या, पाटाकडील तालमीवाल्यांच्या घरचा आहे. घेतलाय. फी वेळेवर देतात.

काल आपल्या गल्लीची त्र्यंबोलीची जत्रा निघाली. पोरांना सोप्याच्या खिडकीत ओळीनं उभं केलं होतं. कलश गेले, गुलाल उडाला आणि पी ढबाक वाजायला लागल्यावर लहानगी माझ्या गळ्याला जी चिकटली ती वाजंत्री फिरंगाईच्या पुढं गेली तरी सोडेना. आज सकाळपासून मात्र सगळ्यांचं ताट आणि चमचा घेऊन तेच चाललंय. सगळ्यात पुढं तीन वर्षांची एक चिमुरडी, केस पिंजारलेले. "मी देवीला जाऊन आलो!" म्हणून सांगते. वहिनीनं ऐकलं तर लगेच "आलो नाही, आले" म्हणून शिकवेल. मी शिकवत नाही. मीही तिच्याएवढी असताना "आलो"च म्हणायची की.

दीड वर्षाचा एक आहे, तो चावतो. बोलता येत नाही, रांगेत थांबता येत नाही, मग दात पुढं करतो. पहिल्या आठवड्यात रोज कुणाच्या ना कुणाच्या दंडावर त्याची मोहोर उठायची. आता त्याचा चेहरा लाल व्हायला लागला की मावशी त्याला उचलतात आणि हातात गाजराचं थंड कापड... चुकलं, ओलं थंड कापड देतात. (बघ आई, आजकाल डोक्यात खाण्याशिवाय काही नसतं.) मऊ भात, वरण, नाचणीचं सत्त्व, उकडून कुस्करलेलं गाजर. आमटीत चटणी पडायच्या आधी पोरांची वाटी बाजूला काढायची, ही तुझीच पद्धत.

आई, आता तुझ्याशी. एक नियम मी पहिल्या दिवसापासून ठेवलाय आणि त्यावरून दोन आयांशी माझं वाजलंही आहे. पोराचा डोळा चुकवून जायचं नाही. रडलं तरी चालेल, पण त्याच्या तोंडाकडं बघून "मी जाते, दूध पिऊन झालं की येते" असं सांगायचं आणि मग निघायचं, मागं वळायचं नाही. सांगून गेलेल्या आईचं पोर दहा मिनिटं रडतं. न सांगता सटकलेल्या आईचं पोर दिवसभर दाराकडं बघत बसतं, खेळत असलं तरी एक डोळा कडीवर. दहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत तर फारच.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. तू परड्यातून जायचीस, मागच्या दारानं. आक्का मला पुढच्या कट्ट्यावर चिमण्या दाखवत बसायच्या आणि तेवढ्यात तू चपला हातात घेऊन जायचीस. सातची एसटी. मी नंतर परड्याच्या दारालाच जाऊन बसायला लागले, म्हणजे तुला तिकडूनही जाता येऊ नये. आठवतं? मग तू पुढून जायला लागलीस. तुला बोल लावत नाही गं, रडणाऱ्या पोराला सोडून एसटी पकडायची म्हणजे काय, ते मी आता रोज सकाळी नऊ वाजता पाच घरांचं बघते. तुझ्यापुढं दुसरा रस्ता नव्हता. आणि आक्कांनी मला काही कमी केलं नाही. त्यांच्या ताकभाताची चव मला अजून जमलेली नाही.

पण परवा त्या गुजरीतल्या मुलीला मी दारातच अडवून म्हटलं, "सांगून जा," आणि ती गेल्यावर लक्षात आलं, मी तुम्हाला न सांगताच केलंय की सगळं. तुम्ही पुण्यात, आणि मी परड्यातून, चपला हातात घेऊन. त्या रात्री हे पत्र लिहायला घेतलं. तीनदा फाडलं.

शाळेत तुझ्या वर्गात कडेवर भाऊ घेऊन येणाऱ्या मुली होत्या, तू सांगायचीस. हेडमास्तर त्यांना परत पाठवायचे आणि तू मागच्या कोपऱ्यात तरट पसरून ठेवायचीस, बाळं तिथं झोपायची, मुली पाढे म्हणायच्या. आबा आम्हाला शाहू महाराजांच्या 1917 च्या सक्तीच्या शिक्षणाचं सांगायचे, पोर शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. आणि तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "दंड बापाला, पण धाकटं कोण बघणार?" तेव्हा हे काम हलकं आहे असं निदान तू तरी म्हणू नकोस.

आबा, आता जे शेवटी लिहायचं म्हणून मागं ठेवलं होतं ते. सोप्यातला झोपाळा काढलाय.

रागावायच्या आधी ऐकून घ्या. पहिला आठवडा तो तिथंच होता, कड्यांना दोरीनं आवळून बांधला होता मी. आठव्या दिवशी दोरी सुटली कशी ते कळलं नाही, फळीचा कोपरा एका पोराच्या कपाळाला लागला. टेंगूळ आलं, बर्फ लावला, तासभर डोळे, उलटी, झोप सगळं बघत बसले, त्याच्या आईला लगेच बोलावून घेतलं. पोर संध्याकाळपर्यंत नाचायला लागलं. माझे हात मात्र रात्री जेवताना थरथरत होते. दुसऱ्या दिवशी जावयांनी झोपाळा उतरवला. फळी पुसून, जुन्या धोतरात गुंडाळून तुमच्या खोलीत भिंतीशी उभी केलीय. पितळी साखळ्या चिंचेनं घासून डब्यात ठेवल्यात. वरच्या कड्या जागच्या जागी आहेत, रंगसुद्धा दिलेला नाही. सकाळचा पेपर तुम्ही तिथं बसून वाचता, मला माहीत आहे. तात्यांच्या हातची फळी आहे, हेही माहीत आहे. तुमच्यासाठी सध्या खिडकीशी वेताची खुर्ची ठेवलीय, हात असलेली. ती झोपाळ्याची जागा घेईल असं मी म्हणत नाही.

आता माझं ऐकायचं. आईनं गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा व्यायाम दिलेल्या वेळेला करायचाच, "वहिनी कामात होती" हे कारण चालणार नाही. जमिनीवर पाटावर बसून जेवायचं नाही, मांडी घालायची नाही, पूजा खुर्चीवर बसून. आबांनी बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करायची नाही, मागच्या दिवाळीत काय झालं ते विसरू नका. इथं आल्यावर खिशातले फुटाणे आणि शेंगदाणे पोरांना द्यायचे नाहीत. अख्खा शेंगदाणा श्वासनळीत गेला तर जीवावर बेततं, द्राक्षंसुद्धा मी उभी चिरून देते. आईनं तान्ह्याला मधाचं बोट चाटवायचं नाही, वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही. "तुम्हाला चाटवलाच की" हे तू म्हणणार. चाटवलास, आणि आम्ही वाचलो, आता ते नको. मोहरीची उशीही मी वर टाकलीय, बाळं पाठीवर, उशीशिवाय झोपतात. तुझ्या हाताला काम हवंच असेल तर जुन्या सुती साड्यांची दुपटी शिव, मला दहा तरी लागतील. आणि दुपारी उठल्यावर पोरांना गोष्ट सांग. माझ्या गोष्टी त्यांना दोन महिन्यांतच पाठ झाल्यात.

आल्यावर आठ दिवस बघा. नाहीच सोसलं तर तोंडावर सांगा, दादाकरवी नको. शेजारच्या गल्लीत एक खोली विचारून ठेवलीय, भाडं जास्त आहे पण जमवेन. पोरं बंद करणार नाही, तेवढं मात्र मागू नका.

डॉक्टरांनी सोडलं की रविवारचंच निघा, शक्यतो सकाळी, म्हणजे उजेडात पोचाल. रविवारी झोपाळा लावून ठेवते. सोमवारी नऊच्या आत काढायचा, हे आत्ताच सांगून ठेवतेय.

तुमची,
बाळी