लस टोचली म्हणजे तपासणी झाली असं नसतं

मा. संपादक,

कुत्र्यामांजरांबद्दल पेपरात जे येतं ते बहुतेक पिल्लांचंच, म्हाताऱ्या प्राण्यांबद्दल कुणी फारसं लिहीत नाही म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कापायचं तर कापा.

आमचा बोका 11 वर्षांचा. लस दरवर्षी न चुकता, त्यामुळे आम्ही निवांत. जायचं, टोचायचं, कार्डावर स्टिकर, बास्केट बंद करून घरी, सगळं मिळून पाच मिनिटं. मागच्या वर्षी तो बाथरूममधल्या बादलीच्या काठावर पुढचे पाय ठेवून पाणी प्यायला लागला आणि आम्ही व्हिडिओ काढत बसलो, किती गोड म्हणून. त्याच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू साफ करते मीच, त्यातले लघवीचे गोळे मोठे होत चाललेत ते दिसत होतं मला, पण म्हटलं पाणी जास्त पितोय तर होणारच, स्वतःच उत्तर देऊन मोकळी झाले. शेवटी खाणं सुटलं तेव्हा नेला. वजन 3.9 किलो. वर्षापूर्वी बोर्डिंगवाल्यांनी ठेवून घेताना केलं होतं तेव्हा 4.6 होतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं 9 किलो उतरावं तसं, आणि रोज मांडीवर घेऊनही आम्हाला पत्ता नाही, केसांत काय कळतंय!

किडनीचा आजार निघाला. डॉक्टरांनी विचारलं, आधीचा ब्लड रिपोर्ट आहे का? नव्हता. कधी केलाच नव्हता, आम्ही विचारलं नाही आणि टोचणाऱ्यानेही सुचवलं नाही. तेव्हा कळलं की रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं साधारण पाऊण काम गेलेलं असतं. लघवी त्याच्या आधीच पातळ व्हायला लागते, म्हणून लघवीची तपासणी करायची, आणि एसडीएमए नावाची एक रक्ताची टेस्ट आहे तीही बऱ्याचदा आधी सांगते. पण खरा उपयोग जुन्या आकड्याचा. नॉर्मलच्या रेंजमध्येच असलेला आकडा दरवर्षी थोडा थोडा वर सरकतोय, हे कळायला मागचे आकडे हवेत ना, आणि ते प्राणी ठणठणीत असतानाच घेऊन ठेवावे लागतात.

बीपीचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं. मांजराचं बीपी बघतात, पुढच्या पायाला नाहीतर शेपटीला छोटासा पट्टा बांधून. किडनीवाल्या मांजरांचं ते बऱ्याचदा वाढतं आणि वाढलेलं राहिलं तर डोळ्याचा पडदा सुटून एका दिवसात आंधळं होऊ शकतं.

आणि ते "वय झालं आता" बंद करा प्लीज. सांधे दुखणारं मांजर सहसा लंगडत नाही, गुपचूप उंच उडी मारायचं सोडतं आणि आपण म्हणतो शांत झालं. कुत्र्यांचंही तेच, त्यात मोठ्या जातींची सहा-सातव्या वर्षीच म्हातारी धरायची, छोट्या जातींची जरा उशिरा. कुत्रं गाढ झोपलेलं असताना मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजा, सारखे 30 च्या वर जात असतील तर हृदय तपासून घ्या, याला मशीन लागत नाही, घड्याळ पुरतं. दात तर तिसऱ्या वर्षापासूनच बघायला हवेत.

पॅकेजच्या नावाखाली सरसकट सगळं करायला लावणारेही आहेत, मान्य. म्हणून आम्ही डॉक्टरांना सरळ विचारलं की कमीत कमी काय करू. ते म्हणाले, तरणं जनावर असेल तर वर्षातून एकदा आणि म्हातारं असेल तर सहा महिन्यांनी नीट हात लावून तपासणी आणि वजन, उतारवयात त्यात रक्त, लघवी, बीपी. सोनोग्राफी वगैरे काही सापडलं तर पुढचं. मला हे पटलं.

बोका सध्या किडनीच्या खाण्यावर आहे, नाक मुरडतो पण खातो. परवा त्याचं लसीचं कार्ड काढून बघितलं तर प्रत्येक स्टिकरशेजारी "वजन" असा रकाना छापलेला आहेच की, आणि इतक्या वर्षांत एकही आकडा नाही. मग त्याला उचलून काट्यावर उभी राहिले, माझं वजा केलं आणि शेवटच्या ओळीत पेनाने लिहिलं, 4.1.

– एक वाचक