आमच्या टॉवरचे ताण ज्यांनी रोवले, त्या लाइनमन काकांना

ती. स्व. काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र जाहीर लिहितोय, रागावू नका. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा सांग आधी" म्हणून विषय उडवून लावता. शिवाय हॅम रेडिओवाली (हौसेखातर परवाना काढून रेडिओवरून बोलणारी) पुष्कळ मंडळी हल्ली मला विचारतात, टॉवर कुठून घेतलास, यागी (एका दिशेला रोख धरणारी अँटेना) कुठली, तिला फिरवणारा रोटेटर कुठला. टॉवरला तिन्ही बाजूंनी धरून ठेवणारे तारांचे ताण कोणी रोवले आणि अर्थिंग कोणी केलं, हे एकानेही विचारलेलं नाही. त्यांच्याही हाती हे पत्र पडावं अशी इच्छा आहे.

तुम्ही सगळी नोकरी बोर्डात लाइनमन म्हणून काढलीत, दापोली तालुक्यातल्या सड्यांवर नि वाड्यांतून खांब उभे करण्यात. रेडिओशी तुमचा संबंध सकाळच्या आकाशवाणीच्या बातम्यांपुरता. माझ्याकडे परवाना होता, पुस्तकं होती आणि कागदावर काढलेला टॉवर होता. उंची १२ मीटर, तिकोनी जाळीचे ३-३ मीटरचे चार तुकडे, माथ्यावर १४ मेगाहर्ट्झची तीन दांड्यांची यागी आणि तिच्या खालून दोन्ही बाजूंना उतरणारा ७ मेगाहर्ट्झचा तारेचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली साधी अँटेना). बारा मीटरच का, तर १४ मेगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी साधारण साडेदहा मीटर भरते. यागी त्याहून बरीच खाली राहिली, तर तिची बरीचशी शक्ती उंच कोनात आभाळाकडे जाते, आणि लांबचे देश गाठायला कोन खाली लागतो. हे सगळं तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "आणि वाऱ्याचं काय?"

तो प्रश्न कुठून आला हे दापोलीच्या माणसाला सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. दापोली-मंडणगडात फोन मुके झाले, वीज तर कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे नव्हती. पडलेले खांब पुन्हा उभे करणाऱ्यांत तुम्ही होतात. मी तुमच्यासमोर मानकांचं पुस्तक उघडलं. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा दाब काढायचं सोपं सूत्र आहे, वेगाचा वर्ग गुणिले ०.६. ताशी १२० किलोमीटरला एका चौरस मीटरवर सुमारे ६८ किलो वजनाइतका रेटा बसतो आणि वेग निम्मा केला की रेटा एक चतुर्थांशावर येतो. आम्ही हिशोब धरला तो ४४ मीटर प्रति सेकंदाचा, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरचा. मानकात मुंबईसाठी तोच आकडा दिलेला आहे. त्या वेगाला रेटा जातो चौरस मीटरला ११८ किलोवर. तुम्ही आकडे पाहिलेत, मान डोलावलीत आणि उठून आमच्या झाडांखाली जाऊन उभे राहिलात.

मला तेव्हा कळेना की टॉवरचं बोलणं चालू असताना हा माणूस आंबा काय बघतोय. मग तुम्ही सांगितलंत की निसर्गमध्ये नुसत्या वाऱ्याने आडवे झालेले खांब तुम्ही थोडेच पाहिले. झाड तारेवर पडलं आणि तारेने खांबाला ओढलं, असे पुष्कळ. आणि ज्यांचे ताण जमिनीलगत, माती नि हवा जिथे भेटते तिथे, गंजून खाल्लेले होते असेही पुष्कळ. माझ्या पुस्तकांत वाऱ्याचं गणित पानंच्या पानं आहे, पण शेजारच्या आंब्याची कुठली फांदी कुठल्या बाजूला झुकलीय ते तुम्हीच बघितलंत.

जागा ठरली तीही त्याच पद्धतीने. मी आधी टॉवरची जागा धरली होती आणि ताण मग बसतील तिथे बसवणार होतो. तुम्ही उलटीकडून सुरुवात केलीत. टॉवर माथ्यासकट कुठल्याही दिशेला आडवा झाला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचता कामा नये, ही पहिली अट. रस्त्याकडची लाइन वीस मीटरच्या पलीकडे राहील एवढी जागा सोडायला लावलीत आणि त्यावर वाद घालू दिला नाहीत. मग तीन ताणांचे तीन खड्डे, एकमेकांपासून १२० अंशांवर, बुंध्यापासून साधारण साडेनऊ मीटर लांब. त्यातला एक शेजाऱ्यांच्या पोफळीत जात होता. तो तेवढा जवळ घेऊ म्हटलं तर "ताण उभा झाला की तो ताण राहत नाय" म्हणून तुम्ही अख्खा टॉवरच मागे सरकवलात. यागी फिरताना तिच्या दांड्यांची टोकं मधल्या खांबापासून जवळपास सहा मीटरचं वर्तुळ काढतात, त्यात माड येत नाही ना, तेही नव्या जागी पुन्हा मोजलंत.

खड्डे खणताना जांभ्याने घाम काढला. टिकाव उडून परत यायचा, पहारीनेच काम झालं. ताणाचे रॉड बसवताना तुम्ही मधोमध एक बांबू रोवलात, ताण टॉवरला जिथे बांधायचा त्या उंचीपासून खड्ड्यापर्यंत सुतळी बांधलीत आणि सुतळीच्या रेषेत रॉड तिरका धरून मगच काँक्रीट ओतायला दिलंत. रॉड सरळ उभा रोवला की ओढ आल्यावर तो जमिनीलगत वाकायला लागतो, आणि वाकलेल्या जागी जस्त सुटून गंज धरतो. इथे खारं वारं आहे, गंजाला निमित्तच हवं असतं. याच कारणाने टॉवरचे तुकडे वेल्डिंग पूर्ण झाल्यावरच गॅल्व्हनाइझिंगला, म्हणजे जस्त चढवायला, पाठवायचा हट्ट धरलात. आधी गॅल्व्हनाइझ केलेल्या पाइपावर वेल्डिंग केलं की सांध्यावरचं जस्त जळून जातं, वरून चंदेरी रंग मारला की दिसायला दोन्ही सारखंच.

बुंध्याचा खड्डा मीटरभर लांब-रुंद आणि त्याहून जरा खोल होता. त्यातलं काँक्रीटच तीन टनांच्या आसपास भरलं. पाइपाच्या पायांत पाणी साचून ते आतून सडू नयेत म्हणून तळाला खडी घातलीत, पाय तिच्यापर्यंत उघडे ठेवलेत. मग गोणपाटं भिजवत बसलो. आठवड्यानंतर सगळे म्हणायला लागले की काँक्रीट दगड झालंय, चढवू या. तुम्ही म्हणालात, आठवड्याला दोन तृतीयांश ताकद येते, पूर्ण ताकदीला २८ दिवस. वाडीतली पोरं सुट्टीला आली होती, ती परत जायची होती, तरी तुम्ही हलला नाहीत. त्या पोरांशिवाय दोर कोण ओढणार या काळजीत मी होतो. तुम्ही दुसऱ्या वाडीतून माणसं आणलीत.

आता त्या इन्सुलेटरबद्दल, कारण हे मी प्रत्येक हॅमला सांगत सुटलोय. ताणाच्या तारेत मध्ये मध्ये चिनी मातीचे अंड्याएवढे इन्सुलेटर घालायचे असतात. आम्ही ते घालतो कारण अखंड तारेची लांबी बँडच्या तरंगलांबीशी जुळली तर ती तार स्वतःच अँटेनासारखी वागू लागते आणि यागीचा रोख बिघडवते. तुकडे पाडले की ती गप्प बसते. तुम्ही आयुष्यभर तेच इन्सुलेटर घातलेत ते खांबावरून झिरपलेला प्रवाह ताणावाटे खाली येऊन गुराला नि माणसाला लागू नये म्हणून. वस्तू एकच, कारणं दोन. तारेची दोन्ही वेटोळी त्या अंड्यातून अशी ओवायची की ती एकमेकांत अडकलेली राहतील, हे तुम्ही बोटाने दाखवलंत. इन्सुलेटर फुटला तरी वेटोळं वेटोळ्यात अडकतं आणि ताण सुटत नाही. अशी युक्ती शोधणाऱ्याला माझा दंडवत.

आणि तारेचं वेटोळं आवळून धरणारे यू-क्लॅम्प! एकेका टोकाला तीन, आणि तिन्हींची खोगीर बाजू ओढ घेणाऱ्या तारेवर, यू-बोल्ट दुमडलेल्या तुकड्यावर. उलटं लावलं तर यू-बोल्ट भार घेणाऱ्या तारेतच रुततो. गडबडीत आमच्यातल्या एकाने एक क्लॅम्प उलटा लावला होता. तुम्ही खालून, चष्मा नसताना, तो ओळखलात.

चढवायच्या दिवशीचं फार लिहीत नाही, ते ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं. वरच्या तुकड्याला बांधलेला पाइप, त्याच्या टोकाला कप्पी, खालून दोर, वर एकच माणूस, त्याचा हार्नेस आणि दोन हूक, त्यातला एक सदैव अडकलेला. नवा तुकडा बसला की तात्पुरते ताण बांधल्याशिवाय पुढचा उचलायचा नाही. टॉवरखाली कोणी उभं राहायचं नाही. यात बघायला आलेले सरपंचही आले, आणि तुम्ही त्यांनाही तितक्याच आवाजात बाजूला केलंत.

अर्थिंगवर आपलं भांडण झालं ते मला अजून आवडतं. पुस्तकं परदेशी, त्यांत तांब्याच्या पट्ट्या. तुम्ही म्हणालात, जस्ताच्या पायाला तांबं थेट जोडलंस तर या हवेत तांबं जस्ताला खाईल. म्हणून जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, पट्टी. जांभा मे महिन्यात कोरडाठाक पडतो आणि प्रवाहाला वाट देत नाही, म्हणून तिन्ही पायांना एकेक रॉड, तिन्ही आपसांत जोडलेले, आणि ही सगळी साखळी घराच्या अर्थिंगलाही जोडलेली. हे शेवटचं लोकांना पटत नाही. वीज टॉवरवर पडेल ती घरात कशाला आणायची, असं मलाही विचारलं जातं. दोन अर्थ वेगळे ठेवले तर वीज पडल्यावर दोघांत प्रचंड फरक उभा राहतो, आणि तो भरून निघतो मधल्या रेडिओतून, नाहीतर रेडिओला हात लावलेल्या माणसातून. घरात शिरण्यापूर्वी केबलचं वरचं आवरणही त्याच साखळीला जोडलंय. तरीही गडगडाट ऐकू आला की केबल काढून खिडकीबाहेर ठेवायची, ही तुमची आज्ञा पाळतो.

शेजारच्या काकूंची भीतीही तुम्हीच घालवलीत. मोबाइलच्या टॉवरसारखं हे दिवसरात्र काही सोडत राहणार का, असं त्यांना वाटत होतं. मी वॅट आणि मेगाहर्ट्झ सांगत बसलो असतो. तुम्ही त्यांना माझ्या खोलीत बसवलंत, सेट दाखवलात आणि सांगितलंत की हा बटण दाबून बोलतो तेवढाच वेळ चालतो, आणि हा काय दिवसभर बोलणारा माणूस आहे का? यावर माझ्या बायकोचं मत वेगळं आहे.

यंदाचा पावसाळा टॉवरने काढला. यागीवर जपान लागलं, युरोप लागला, पण मला तुम्हाला सांगायचंय ते खालच्या साध्या डायपोलबद्दल. व्हीएचएफच्या (याहून उंच फ्रिक्वेन्सीच्या) हातसेटवरचं बोलणं सह्याद्रीला आपटतं आणि आमच्याकडून घाटावर पोचत नाही. सात मेगाहर्ट्झची तार मात्र तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या उंचीवर असली की बरंचसं थेट वर फेकते, आणि ते वातावरणाच्या अगदी वरच्या थरावरून परत खाली, तीन-चारशे किलोमीटरच्या घेरात सगळीकडे पडतं. सकाळच्या नेटवर (हॅम मंडळींच्या ठरल्या वेळच्या रेडिओवरच्या बैठकीत) पुणं, कोल्हापूर, गोवा सगळे मिळतात, मध्ये कुठलाही मोबाइल टॉवर लागत नाही. बॅटरी चार्ज असली की पुरे. निसर्गच्या वेळी दापोलीतून बाहेर खबर द्यायला हीच सोय हवी होती, असं तुम्हीच त्या दिवशी हेडफोन काढत म्हणालात.

दोर ओढणाऱ्या सगळ्यांचे, गवंड्यांचे, आणि त्या दिवशी एवढ्या माणसांना घावने पुरवणाऱ्या काकूंचेही आभार.

एक काम बाकी आहे. परतीच्या पावसातल्या विजा संपल्या की खालच्या ताणांचे टर्नबकल (फिरवून ताण घट्ट करायचे स्क्रू) पुन्हा बघायचे आहेत. पूर्वेचा जरा सैल वाटतोय. त्यातून ओवलेली तार जागेवर आहे, तेव्हा तो फिरून सुटलेला नाही, नवी तार बसताना थोडी ताणली असावी. तुमच्या सवडीने या. हार्नेस तुमच्याकडेच राहिलाय, तेवढा आणा.

काकूंना नमस्कार. ७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा).

आपला,
सड्यावरचा हॅम