सुईणीला धमकावू नकोस

शिरपूर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल धडगावची रेंज नेहमीसारखीच गेली, तुझं अर्धंच ऐकू आलं. पण अर्ध्यावरूनही कळलं. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, पाड्यावर बाळंतपण केलं तर गुन्हा दाखल होईल असं सुईणींना बजावून या. जाऊ नकोस. घरी बाळंत होणं हा गुन्हा आहे असं कुठलाच कायदा म्हणत नाही. उलट 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात सुईणीचा उल्लेख आहे तो जन्माची खबर निबंधकाला द्यायची म्हणून. कायदा जिला कळवायला सांगतो, तिलाच आपण लपायला लावायचं का?

नर्सच्या नोकरीत मीही एकदा लावलं होतं. तू तेव्हा बालवाडीत होतीस. वरून आलं तसं मी गावात जाऊन बजावलं. त्याच पावसाळ्यात एक बाई रात्री घरीच बाळंत झाली, वार अडकली, आणि मला बोलवायची सुईणीची हिंमत झाली नाही. पहाटे नवरा सायकलवर आला. मी गेले तेव्हा गोधडीखालची जमीन ओली होती. बाई वाचली, रक्त चढवावं लागलं. सुईण ओट्यावर बसून होती, कोपरापर्यंत हात धुतलेले. म्हणाली, "बाई, मना काय गुन्हा शे?" मी ट्रॅक्टर बघायला म्हणून बाहेर पडले.

आता तुझं. परवा झोळीतून आणताना वाटेतच बाळंतपण झालं आणि तू इंजेक्शन दिलंस, त्याची धास्ती घेऊन बसली आहेस. बाळ आल्यावर पोट चाचपून पाहिलंस ना, आत दुसरं नाही म्हणून? मग मांडीत रक्तस्राव रोखणारं 10 युनिट ऑक्सिटोसिन दिलंस ते बरोबरच. ते एएनएमने, म्हणजे तुझ्यासारख्या उपकेंद्रातल्या नर्सने, द्यायचंच आहे, सरकारच्या मार्गदर्शिकेत आहे. बाई शुद्धीवर नसेल, घरचं कुणी जवळ नसेल आणि थांबायला वेळ नसेल, तेव्हा भल्यासाठी केलेल्या उपचाराला भारतीय न्याय संहितेच्या कलम 30 चा आधार आहे.

पण एक गोष्ट मनाला लागते. त्याच संहितेत, कलम 106 मध्ये, निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर नोंदणीकृत डॉक्टरला जास्तीत जास्त 2 वर्षं आणि बाकीच्यांना 5. त्या बाकीच्यांत आपण नर्सबाया, सुईणीही. रात्री दोन वाजता डोंगरात डॉक्टर कुठे असतो ते मी सांगायला नको. तेव्हा आपलं चिलखत म्हणजे आपलं रजिस्टर. कळा कधी सुरू झाल्या, 108 ला फोन किती वाजता केला, गाडी कुठवर येऊ शकली, इंजेक्शन किती वाजता दिलं, सगळं त्याच रात्री लिही. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेलं वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

त्या बाळाची नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत व्हायला हवी. उशीर झाला तर दंड, वर्ष उलटलं तर प्रांताधिकाऱ्यापर्यंत खेटे. 2023 च्या दुरुस्तीनंतर शाळेपासून आधारपर्यंत त्याच दाखल्यावर अडतं. घरी जन्मलेल्या मुलाची खबर घरच्या कर्त्याने द्यायची असते, पण नवरा ऊसतोडीला गेला असेल तर सुईणीला घेऊन तूच जा. जननी सुरक्षा योजनेचे 500 रुपये दारिद्र्यरेषेखालच्या बाईला घरी बाळंत झाली तरी मिळतात. "दवाखान्यात आली नाही" म्हणून कुणी परत पाठवलं तर कारण लेखी माग. लेखी म्हटलं की बहुतेकदा पैसे निघतात.

सुईणीला महिन्यातून एकदा उपकेंद्रात चहाला बोलव. ती पोटावर हात ठेवून आडवं मूल ओळखते, ते तिच्याकडून शीक.

उद्याच्या धडगाव गाडीच्या कंडक्टरकडे पिशवी देते आहे. कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि डोक्याला बांधायची बॅटरी. तोंडात मोबाइल धरून नाळ कापत जाऊ नकोस.

तुझी,
आई