पीएच.डी.वाल्यांना ‘नोकरी आहे का?’ असं विचारू नकोस

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा प्रश्नावलीचा मसुदा, दोन्ही सावकाश वाचलं. विद्यापीठाने २०१० ते २०२२ दरम्यान ज्यांना पीएच.डी. दिली त्यांचं पुढे काय झालं, हे शोधायचं काम तुझ्या गळ्यात आलंय, आणि तुझा पहिलाच प्रश्न आहे, ‘आपणास सध्या नोकरी आहे का? होय / नाही.’ आधी तो खोड. बाकीचं मग बोलू.

दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला हा प्रश्न विचारलास तर तो ‘नाही’वर खूण करेल. ‘नोकरी कुठली, सीएचबी (म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन) करतोय’ म्हणेल. त्यालाच ‘काही काम करता का?’ असं विचार, ‘हो’ म्हणेल. माणूस तोच, तुझा शब्द बदलला की तक्त्यातला रकाना बदलला. आपल्याकडे नोकरी म्हणजे पर्मनंट, निदान दर महिन्याला पगार होणारी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची व्याख्या त्याहून फार सैल आहे: ठरलेल्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात. त्या व्याख्येने शिकवण्या घेणारा, घरच्या दुकानात बसणारा आणि आयआयटीतला प्राध्यापक एकाच ओळीत येतात. अमेरिकेत १९७३ पासून डॉक्टरेटधारकांचं सर्वेक्षण होतं (एसडीआर म्हणतात त्याला). त्यात बेरोजगारी दोन टक्क्यांच्या आसपास घुटमळत असते. असा आकडा छापून काही कळत नाही. म्हणून तेही तिथे थांबत नाहीत. कामाचा विषयाशी संबंध किती, नसेल तर का नाही, अर्धवेळ असेल तर मर्जीने की नाइलाजाने, हे खोदून विचारतात. तुझ्या सर्वेक्षणाचा जीव याच प्रश्नांत आहे.

तर पहिला प्रश्न असा कर: ‘१ ते ७ फेब्रुवारी या आठवड्यात आपण पैसे मिळणारं कुठलंही काम, एक तास तरी, केलं का? (तासिका, शिकवण्या, स्वतःचा व्यवसाय, प्रकल्पातलं काम, सगळं धरा.)’ कंस काढू नकोस, लोक तोच वाचून उत्तर देतात. त्या आठवड्यात रजेवर असलेल्यांसाठी ‘काम आहे, पण रजेवर होतो/होते’ हा पर्याय वेगळा ठेव. नाहीतर बाळंतपणाच्या रजेवरच्या बाया बेकार ठरतात. त्याच्यापाठोपाठ विचार: अशी कामं किती ठिकाणी? त्यांतलं मुख्य कुठलं? नेमणूक कशी, म्हणजे कायम, ठरावीक मुदतीची, तासिका, विनाअनुदानित संस्थेतली तोंडी, की स्वतःचाच धंदा? आठवड्याचे तास किती? आणि अजून तास किंवा दुसरं काम मिळालं तर हवं होतं का? हा शेवटचा प्रश्न प्रश्नावली लांबते म्हणून कोणीतरी कापायला सांगेल. ऐकू नकोस. अपुऱ्या कामावर दिवस काढणारे तेवढ्याच एका प्रश्नातून सापडतात.

आठवडा फेब्रुवारीचाच का? तासिकेच्या नेमणुका सत्र सुरू झाल्यावर रेंगाळत होतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत थांबतात. मेमध्ये विचारलंस तर अर्धे लोक ‘काम नाही’ म्हणतील, जुलैत विचारलंस तर ‘ऑर्डर यायचीय’ म्हणतील. दुसऱ्या सत्राच्या मध्यावर चित्र स्थिर असतं. फॉर्म मार्चमध्ये भरला तरी प्रश्न त्याच आठवड्याचा. ‘सध्या’ हा शब्द सगळ्या प्रश्नावलीतून काढून टाक.

आता मोठी मेख. आपल्याकडे पीएच.डी. करणाऱ्यांतले बरेच जण नोंदणीच्या वेळीच नोकरीत असतात: शाळेत, कॉलेजात, बँकेत, सरकारी खात्यात. पदवी मिळाल्यावर ते त्याच खुर्चीत असतात, फार तर पदोन्नतीची फाइल पुढे सरकते. त्यांना ‘पीएच.डी.नंतर रोजगार मिळाला’ या गठ्ठ्यात टाकलंस तर आकडा झकास येईल आणि खोटा असेल. म्हणून प्रत्येकाची तीन टप्प्यांवरची स्थिती घे: नोंदणीच्या दिवशी, पदवीच्या अधिसूचनेच्या (विद्यापीठाने पदवी जाहीर केल्याच्या) दिवशी आणि त्या फेब्रुवारीच्या आठवड्यात. तिन्हींना तेच पर्याय, त्याच क्रमाने. मग नोकरीत असतानाच आलेल्यांचा तक्ता वेगळा निघतो. शिष्यवृत्तीचं नावही इथेच विचार: जेआरएफ, बार्टी, सारथी, महाज्योती, विद्यापीठाची, की पदरचे पैसे. अधिछात्रवृत्ती संपली आणि प्रबंध मात्र बाकी, अशा अवस्थेत माणसाने कसलं काम धरलं, हे त्याशिवाय कळणार नाही.

वर्षंही एकसारखी धरू नकोस. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनी विद्यापीठ विभागांतल्या सहायक प्राध्यापकासाठी १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची होणार होती. ती तारीख २०२३ वर गेली आणि जुलै २०२३ मध्ये सक्तीच उठली, नेट-सेट किमान अट म्हणून राहिली. त्यामुळे २०१८ नंतर नोंदणी केलेल्यांची अपेक्षा आणि २००८ मध्ये केलेल्यांची अपेक्षा एक नाही. तक्ते अधिसूचनेच्या वर्षाप्रमाणे तीन-चार गटांत फोड. सगळ्यांची मिळून एकच सरासरी काढली की त्यात कोणीच सापडत नाही.

पगाराबद्दल थोडक्यात. नेमका आकडा मागू नकोस, टप्पे दे, आणि ‘कपातीआधीचं एकूण वेतन’ असं स्पष्ट लिही. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे. कोणी तेवढंच लिहितो, कोणी भत्त्यांसकट, कोणी हातात पडतं ते. तासिकावाल्यांना ‘मासिक वेतन’ हा प्रश्नच लागू पडत नाही, बिलं चार-चार महिने तुंबतात. त्यांना गेल्या १२ महिन्यांत मिळून किती आले आणि किती महिने काहीच आलं नाही, असं विचार.

पदनामावर विसंबू नकोस. प्रोजेक्ट असोसिएट, रिसर्च असोसिएट, पोस्टडॉक, गेस्ट फॅकल्टी ही नावं संस्थागणिक बदलतात. मोकळी जागा ठेव, ‘रोज मुख्यतः काय काम करता’ हे दोन ओळींत लिहून घे आणि कोडिंग नंतर एनसीओ-२०१५ (व्यवसायांचं राष्ट्रीय वर्गीकरण) प्रमाणे कर. उच्च शिक्षणातल्या अध्यापकांचा गट २३१०. दोन जणांनी एकमेकांचं न पाहता शंभर उत्तरं कोड करायची. फरक किती पडतो ते बघ, मग नियम लिहून काढ, आणि मगच उरलेली घ्या.

‘कामाचा विषयाशी संबंध’ हाही एक प्रश्न नाही, तीन आहेत. या पदासाठी पीएच.डी. अट होती का. प्रबंधाचा विषय कामात येतो का. आणि संशोधनातून आलेलं कसब, म्हणजे माहिती चाळणं, लिहिणं, प्रयोग आखणं, वापरात आहे का. औषध कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञाचं पहिल्याला ‘नाही’ आणि तिसऱ्याला ‘रोज’ असू शकतं.

आता यादी. निम्मी सर्वेक्षणं इथेच बसतात. पीएच.डी. विभागाची अधिसूचनांची नोंदवही हीच मूळ यादी धर. पदवीदान समारंभाची यादी नको, ज्यांनी पदवीचा अर्ज उशिरा केला ते त्यात भलत्या वर्षी येतात. मानद डी.लिट. आणि फार्म.डी. वगळ, शीर्षकात ‘डॉक्टर’ असलं तरी ती संशोधनाची पदवी नाही. शोधगंगेशी (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडाराशी) ताडून बघ जरूर. पण शोधगंगा म्हणजे यादी नव्हे: प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत यूजीसीने २००९ मध्ये सक्तीची केली, सुरुवातीच्या वर्षांत गाळलेले प्रबंध पुष्कळ, आणि चढवल्याची तारीख नि पदवीची तारीख वेगळी. बायकांची नावं हा आपल्याकडचा खास घोळ: नोंदणी माहेरच्या नावाने, अधिसूचना सासरच्या, लिंक्डइनवर दोन्ही आडनावं. म्हणून नाव, मार्गदर्शक, विषय आणि वर्ष या चारांतली तीन जुळली तरच तीच व्यक्ती धर.

फोन नंबर गाइडकडे मिळतील. घे, पण फॉर्म गाइडच्या हातून भरून घेऊ नकोस. गाइडसमोर कोण लिहिणार की पदवीचा काही उपयोग झाला नाही? शिवाय चांगल्या जागी लागलेला विद्यार्थीच गाइडला दिवाळीला फोन करतो. हरवलेल्यांचे नंबर त्यांच्याकडेही नसतात.

आणि याच कारणाने ती एकच गूगल फॉर्मची लिंक व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोडायची कल्पना सोडून दे. हिशेब करून बघ. समज यादीत २,४०० नावं आहेत आणि २० टक्क्यांनी, म्हणजे ४८० जणांनी, फॉर्म भरला. त्यांतले ८५ टक्के कायम नोकरीत, म्हणजे ४०८. न भरलेल्या १,९२० पैकी निम्मेच कायम असतील तर ते ९६०. एकूण १,३६८, म्हणजे ५७ टक्के. अहवालात छापलं जाणार ८५. उत्तरं ४८० ऐवजी ९०० आली तरी ती त्याच सुखी मंडळींची असतील तर चूक हलणार नाही.

त्यापेक्षा थोडे निवड आणि पिच्छा पुरव. २,४०० च्या यादीतून पाच टक्क्यांच्या चुकीत आकडा हवा असेल तर साधारण ३३० उत्तरं पुरतात. ५५ टक्के प्रतिसाद धरला तर ६०० नावं काढ. चारही विद्याशाखांचे वेगळे आकडे मागितले तर मात्र हिशेब बदलतो: ८०-९० उत्तरांवर चूक दहा टक्क्यांपर्यंत जाते. आंतरविद्याशाखीय अभ्यासात नावं कमी असतील तर तिथली सगळीच घे आणि एकत्र आकडा काढताना प्रत्येकाला त्याच्या निवडीच्या प्रमाणाच्या उलट भार दे (चारांतला एक निवडला तर त्याचं वजन चार).

प्रत्येकाला स्वतंत्र लिंक पाहिजे. लाइमसर्व्हे हे ऑनलाइन प्रश्नावलीचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चढवलं तर फुकट आहे, त्यात प्रत्येक नावाला वेगळा प्रवेश-कोड देता येतो. कोणी भरलं ते कळतं आणि आठवण फक्त राहिलेल्यांना जाते. क्रम असा ठेव: कुलसचिवांच्या सहीचं पत्र, चार दिवसांनी लिंकची ईमेल, सातव्या दिवशी मेसेज, चौदाव्या दिवशी दुसऱ्या मजकुराची ईमेल, एकविसाव्यापासून फोन. फोनवर पूर्ण प्रश्नावली घेऊ नकोस. पाच प्रश्नांची छोटी आवृत्ती ठेव: काम, नेमणुकीचा प्रकार, तास, अजून काम हवं का, पीएच.डी.ची अट होती का. तासिकावाले दुपारी चारनंतर भेटतात. अनोळखी नंबर लोक उचलत नाहीत, म्हणून आधी मेसेज टाकून मग फोन. मराठी आणि इंग्रजी दोन्ही आवृत्त्या लागतील. विज्ञानवाले इंग्रजी उघडतात, मानव्यविद्येतले बरेच मराठी.

एवढं करूनही २७० जण उरले तर त्यांतला दर तिसरा निवड आणि फक्त त्या ९० जणांमागे सगळा जोर लाव: जुना पत्ता, गावचा नंबर, सहाध्यायी, गरज पडली तर घरी जाऊन. यांतलं प्रत्येक उत्तर तिघांच्या वजनाचं. ही युक्ती हॅन्सन आणि हर्विट्झ यांनी १९४६ मध्ये मांडली, आणि पैसे कमी असताना यासारखा दुसरा उपाय नाही. शेवटी प्रत्येक नावापुढे निकाल लिही: पूर्ण, अर्धवट, नकार, सापडले नाहीत, निधन, नाव दोनदा. निधन आणि दुबार नावं छेदातून वजा कर. ‘सापडले नाहीत’ मात्र छेदातच राहतात, तिथे लोक हातचलाखी करतात.

देशपातळीवरचा आकडा तुलनेला मिळेल अशी आशा ठेवू नकोस. एआयएसएचई (केंद्राचं उच्च शिक्षणाचं सर्वेक्षण) पीएच.डी.ची नोंदणी मोजतं (२०१४-१५ मध्ये १.१७ लाख, २०२१-२२ मध्ये २.१३ लाख) आणि उत्तीर्ण मोजतं, पुढचं नाही. पीएलएफएसमध्ये (केंद्राच्या रोजगार-बेरोजगारीच्या सर्वेक्षणात) ‘पदव्युत्तर आणि वर’ हा एकच कोड आहे, एम.ए. आणि पीएच.डी. त्यातून वेगळे काढता येत नाहीत. शब्दयोजना उचलायची असेल तर ओईसीडी, युरोस्टॅट आणि युनेस्कोची सांख्यिकी संस्था यांनी २००४ पासून चालवलेल्या डॉक्टरेटधारकांच्या प्रकल्पाची नमुना प्रश्नावली बघ. एक फरक ध्यानात ठेव: तो प्रकल्प देशात राहणारे डॉक्टरेट मोजतो, एसडीआर अमेरिकेत पदवी घेतलेले. तुझ्या विद्यापीठाचा पीएच.डी. आज बॉस्टनला पोस्टडॉक करत असेल तर एसडीआरमध्ये तो नाही. तुझ्या यादीत त्याला जागा हवी, आणि ‘देशाबाहेर’ हा पर्याय तुझ्या मसुद्यात नाहीच.

गुप्ततेचं विसरू नकोस. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला धरून पहिल्याच पानावर संमती घे: माहिती कशासाठी, कोण बघणार, कधी पुसणार. नावांची फाइल आणि उत्तरांची फाइल वेगळी ठेव. आणि पाचपेक्षा कमी माणसांचा रकाना छापू नकोस. एखाद्या विभागातून दोनच जणी पीएच.डी. झाल्या असतील तर ‘बेरोजगार, स्त्री, १’ म्हणजे कोण, हे कँटीनलाही कळतं.

वरून एकच टक्केवारी मागतील, नॅकच्या (विद्यापीठाच्या मूल्यांकनाच्या) फाइलसाठी. दे, पण शेजारी प्रतिसादाचं प्रमाण आणि तासिकावाल्यांचा वेगळा आकडा असल्याशिवाय तक्त्यावर सही करू नकोस.

मसुद्यात ६४ प्रश्न आहेत, ते तिसावर आण. मग १२-१५ जणांवर पायलट घे, त्यांत चार तरी तासिकावाले असू देत. शेजारी बसून ‘हा प्रश्न वाचून तुम्हाला काय वाटलं ते बोला’ म्हण आणि उत्तरापेक्षा ते बोलणं टिपून घे. ते टिपण मला पाठव, आणि नोंदवहीतली नावं एकदा मोजून आकडा कळव. माझे २,४०० हे नुसते धरलेले आहेत. खरा आकडा आला की नमुना परत बसवावा लागेल.

तुझा,
मित्र