लेकीस पत्र: सातबारा समजावून सांगताना

सातारा

चि. सौ. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

निवृत्तिवेतन वेळेवर मिळते आहे, घरात कशाची उणीव नाही, मग या वयात रात्री उशिरापर्यंत दिवा लावून सातबारा आणि फेरफार (जमिनीचा उतारा आणि त्यात होणाऱ्या बदलांच्या नोंदी) यांवर लेख लिहिण्याचा खटाटोप कशासाठी, असे तू गेल्या आठवड्यात फोनवर विचारलेस. त्यामागची काळजी मला कळली. पण फोनवर सांगण्यासारखे ते उत्तर नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तलाठी म्हणून खात्यात लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो, त्या सबंध नोकरीत जे समाधान फार थोड्या वेळा वाट्याला आले, ते मला आता या लिखाणात मिळते आहे.

नोकरीत असताना सज्जावर, म्हणजे तलाठ्याच्या कचेरीत, जी माणसे येत, ती समजून घेण्यासाठी येत नसत. त्यांना नोंद हवी असे, उतारा हवा असे, सही हवी असे. त्यात त्यांचा दोष नव्हता. बाहेर रांग असे, आणि मलाही त्याच दिवशी पीक पाहणीला, पंचनाम्याला नाहीतर निवडणुकीच्या कामाला जायचे असे. "नोटीस निघेल, पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाही तर नोंद प्रमाणित होईल," एवढे मी सांगायचो आणि समोरचा माणूस मान हलवून निघून जायचा. माझ्या हातात सही होती तोवर लोक माझे बोलणे त्या सहीसाठी ऐकत होते. आता माझ्याकडे कोणताच अधिकार उरलेला नाही, त्यामुळे जो माझा लेख वाचतो तो केवळ कळावे म्हणूनच वाचतो. शिकवण्यातला खरा आनंद मला इथे सापडला. शिकणाऱ्याचे आपल्यावाचून काही अडलेले नाही आणि तरीही तो आपले म्हणणे शेवटपर्यंत वाचतो आहे, यासारखे सुख मला दुसरे माहीत नाही.

सुरुवात अगदी साधी झाली. विकास सोसायटीच्या फलकावर लावण्यासाठी मी एक पान लिहिले होते. कर्ज फेडले तरी सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यातला बोजा आपोआप उतरत नाही, त्यासाठी बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे उरले नसल्याचा कागद, घेऊन अर्ज द्यावा लागतो आणि तसा फेरफार मंजूर व्हावा लागतो, एवढाच त्यातला मजकूर होता. ते पान वाचून इतकी माणसे आपापले उतारे घेऊन घरी आली की त्यांच्या प्रश्नांतूनच पुढचे लेख सुचत गेले आणि जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाने ते छापायला घेतले. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे दोन नमुने एकत्र केलेले आहेत. पहिला अधिकार अभिलेख, म्हणजे जमीन कोणाकडे कोणत्या हक्काने आहे याची नोंद, आणि दुसरा पिकांची नोंदवही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या हा कागद ट्रंकेत जपून ठेवलेला आहे, अशा कितीतरी लोकांना हे कोणी कधी सांगितलेलेच नव्हते. ते आपले नाव पाहतात, क्षेत्र पाहतात आणि कागदाची घडी घालतात. भोगवटादार, म्हणजे जमीन धारण करणारा, वर्ग १ चा की वर्ग २ चा हे पाहत नाहीत. आणि वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, हे त्यांना इसार दिल्यावर कळते.

लिहायला बसल्यावर माझे स्वतःचे शिक्षणही नव्याने सुरू झाले, हे तुला मुद्दाम सांगतो. एका वृद्ध शेतकऱ्याची तक्रार अशी होती की वडिलांच्या वेळी जमीन अडीच एकर होती आणि आताच्या उताऱ्यावर तिचे जेमतेम एक हेक्टर एक आर झाले, म्हणजे मधल्या काळात कोणीतरी क्षेत्र कमी केले. अडीच एकर म्हणजेच साधारण १ हेक्टर १ आर, हे मी त्यांना तोंडी सांगू शकलो असतो; नोकरीत शेकडो वेळा सांगितलेही होते. लेखात मात्र एवढ्याने भागत नाही, कारण वाचक मनातल्या मनात 'असे का' म्हणून विचारतो आणि त्याला उत्तर द्यायला लेखक समोर बसलेला नसतो. म्हणून मी मागे मागे जात राहिलो. गुंठा हा ३३ फुटी साखळीचा चौरस, म्हणजे १०८९ चौरस फूट. ती साखळी सोळा आण्यांत विभागलेली असे, आणि असे चाळीस गुंठे मिळून एक एकर होतो. आर मात्र १०० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे १०७६ चौरस फुटांचा आहे. तो गुंठ्याहून किंचित लहान असल्यामुळे दोन्ही एकच समजणाऱ्याचा हिशोब चुकतो. पुढे वाचता वाचता १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी सुरू केलेल्या मोजणी व जमाबंदीच्या, म्हणजे सारा ठरवण्याच्या, कामापर्यंत पोहोचलो. ज्या पद्धतीच्या कागदांवर मी उमेदीची सगळी वर्षे घालवली, तिचा उगम आपल्याच शेजारच्या जिल्ह्यात झाला होता, हे वाचून मला जो हर्ष झाला तो शाळकरी मुलाला व्हावा तसा होता. काम करताना 'कसे' एवढे कळले तरी पुरते. शिकवण्यासाठी लिहायचे तर 'का' हेही शोधावे लागते, आणि त्या शोधाला आता माझ्याकडे निवांत वेळ आहे.

वयाचा आणखी एक उपयोग होतो. वडिलांनी बांधावर उभे राहून केलेली तोंडी वाटणी त्यांच्या हयातीत कोणाला खटकत नाही, मुलांच्या काळात ती कुरकुरत चालते आणि नातवांच्या काळात न्यायालयात जाते. हा सगळा प्रवास एकाच कुटुंबात पाहायला मिळावा एवढे मी जगलो आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे रीतसर वाटप करून घ्या, असे मी पंचविसाव्या वर्षीही सांगत होतो, पण तेव्हा ते फक्त कलम होते. आता ते लिहिताना कोणत्या घरात काय झाले ते डोळ्यांसमोर असते, आणि नावे न घेताही ती कळकळ वाक्यात उतरते, असे तुझी आई म्हणते. प्रत्येक लेखाची पहिली श्रोती तीच असते. तिने महसुलातले काही पाहिलेले नाही, म्हणून ती जिथे थांबवून विचारते ते वाक्य मी पुन्हा लिहितो. नावापुढचे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, ही जमीन त्याच्या एकट्याची नसून तो सर्वांच्या वतीने नाव धारण करतो, हे मी एका ओळीत लिहिले होते. तिने विचारले, "मग बाकीच्यांची नावे कागदावर नसली तरी त्यांचा हक्क असतो का?" त्या एका प्रश्नावर मला पुढचा संपूर्ण लेख लिहावा लागला आणि मालिकेत सर्वांत जास्त वाचला गेला तो तोच. सातबाऱ्यावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण त्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही, ही गोष्ट मी तुझ्या आईमुळे लोकांपर्यंत नीट पोहोचवू शकलो.

त्या लेखानंतर आलेल्या एका पत्राबद्दल तुला सांगायचे आहे. पत्र एका बाईंचे होते. वडील वारल्यावर भावांनी हक्कसोडपत्रावर सही मागितली होती, आणि लग्न झालेल्या मुलीने सही करायचीच असते असे त्या समजून चालल्या होत्या. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला आहे, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला, आणि हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावे लागते, हे त्यांनी माझ्या लेखात वाचले. त्यांनी मला सल्ला विचारला नव्हता. आपण तो कागद भावाकडून घरी मागून घेतला, स्वतः वाचला आणि मग काय करायचे ते ठरवले, एवढेच त्यांनी कळवले होते. काय ठरवले हे त्यांनी लिहिले नाही आणि ते विचारणे मला योग्य वाटले नाही, कारण जमीन सोडायची की ठेवायची हे शिकवणे माझे काम नाही. सही करणाऱ्याला कागद वाचता यावा, हे आहे. ते पत्र मी जपून ठेवले आहे.

आपल्या जिल्ह्यातले एक उदाहरण मला नेहमी बळ देते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म १९०१ चा. वाईत बसून त्यांनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, तेव्हा त्यांनी पंच्याहत्तरी गाठलेली होती. त्यांची विद्वत्ता कुठे आणि माझे दोन पानी लेख कुठे, हे मी जाणतो. पण जगातला कोणताही विषय मराठी वाचकाला मराठीतून समजला पाहिजे, या ध्यासाला वयाची अट नाही, एवढे मी त्यांच्याकडून घेतले आहे.

आता तुझ्याकडे एक काम आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद मोबाइलवरून शेतकऱ्याने स्वतः करण्याची सोय झाली. जो रकाना आम्ही भरत होतो तो आता शेतकरी भरतो, म्हणून त्याला तो आधी वाचता यायला हवा, असे मला फार वाटते. त्यावरच्या लेखाचा मसुदा सोबत पाठवत आहे. मोबाइलच्या पायऱ्या तू स्वतः करून पाहा, आणि जिथे माझे वाक्य वाचून पुढे काय दाबायचे ते कळत नाही तिथे खूण कर. तुझ्या कार्यालयात ज्यांची गावाकडे सामायिक जमीन आहे, त्यांचे प्रश्नही लिहून घे. शहरात राहणाऱ्या वारसांसाठी वेगळा लेख लिहायचा मनात आहे. डोळे तपासून घेतले आहेत, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू दिवाळीनंतर काढायचा ठरले आहे, तोवर ई-पीक पाहणीचा लेख छापून व्हावा. जावईबापूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझे,
आप्पा